फूको आणि सोलापूरची हजेरी

मिशेल फूको हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते एका चर्चासत्रात. वक्ते विद्वान होते. पाऊण तासात त्यांनी ते नाव पंधरा-वीस वेळा घेतले आणि प्रत्येक वेळी सभागृहातल्या माना डोलल्या. माझीही डोलली. प्रत्यक्षात मला एक अक्षर कळले नव्हते. चहाच्या वेळी शेजारच्या प्राध्यापक मित्राला हळूच विचारले, तर तो म्हणाला, "कळले नाही असे म्हणायचे नसते."

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडिलांनी मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलून मला शिकवले. अशा माणसाला न कळण्याची लाज इतरांहून अधिक वाटते. ज्याच्या तीन पिढ्या शिकलेल्या असतात त्याला एखादे पुस्तक कळले नाही, तर तो पुस्तकाला नावे ठेवतो. आपल्याला कळले नाही, तर आपली जात काढली जाईल या भीतीने आपण गप्प बसतो. प्रस्थापितांची पुष्कळशी विद्वत्ता आपल्या या गप्प बसण्यावरच जगत आली आहे. म्हणून कळले नाही ते कळले नाही असे म्हणून, आणि कळले ते कसे कळले हे सांगून, मी फूकोविषयी लिहिणार आहे. तो आपल्या चळवळीच्या किती कामाचा आहे याचा निकाल पॅरिसमध्ये किंवा पुण्यात लागायचा नाही. तो आपल्या अनुभवावर आपणच लावला पाहिजे.

मला फूको कळला तो माझ्याच वर्गात, आणि त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. तासाला एका मुलीचा मोबाईल सापडेना. कोणी कोणाचे नाव घेतले नाही. पण साऱ्या वर्गाची नजर एका बाकाकडे गेली. त्या बाकावर सोलापुरातल्या सेटलमेंट भागात राहणारा एक मुलगा बसत असे. माझी नजरही तिकडेच गेली. तो उठला, न सांगता त्याने आपली पिशवी टेबलावर रिकामी केली आणि म्हणाला, "बघून घ्या, सर." दहा मिनिटांनी मोबाईल ग्रंथालयातल्या टेबलावर मिळाला. मी त्या मुलाला काही बोलू शकलो नाही. मी दलित, मी बाबासाहेबांच्या जयंतीला भाषणे करणारा, आणि माझे डोळे त्या क्षणी कोणाचे होते? त्या मुलाने कोणी न सांगता पिशवी का उघडली? हे दोन प्रश्न घेऊन मी पुन्हा फूकोकडे गेलो, तेव्हा तो बोलू लागला.

फूकोचा जन्म १९२६ चा, मृत्यू १९८४ चा. १९७० पासून तो पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या नामांकित संस्थेत प्राध्यापक होता. वेडेपणाचा इतिहास, ज्ञानशाखांचा इतिहास, लैंगिकतेचा इतिहास असे त्याचे लेखन पसरलेले आहे. त्यातला १९७५ साली आलेला, शिस्त आणि शिक्षा यांविषयीचा ग्रंथ मी येथे घेतो. त्याचे इंग्रजी भाषांतर १९७७ साली झाले. आपले विद्यार्थी वाचतात ते हेच.

ग्रंथाची सुरुवात दोन चित्रांनी होते. पहिले १७५७ चे. राजावर चाकू उगारणाऱ्या दामिएं नावाच्या माणसाला पॅरिसच्या चौकात, लोकांसमोर, हाल हाल करून मारले जाते. दुसरे त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी लिहिलेले, तरुण कैद्यांच्या तुरुंगाचे वेळापत्रक आहे. ढोल वाजला की उठायचे, इतक्या मिनिटांत कपडे घालायचे, इतका वेळ काम, इतका वेळ प्रार्थना. युरोपातले सुधारक सांगत आले की शिक्षा सौम्य झाली, माणुसकी वाढली. फूको ते मान्य करत नाही. तो म्हणतो, सत्तेची रीत बदलली. आधी ती शरीर फोडत होती. आता ती शरीराला वळण लावते, त्याचा वेळ आखते, त्याची नोंद ठेवते आणि त्याला उपयोगी व आज्ञाधारक बनवते. हीच रीत तुरुंगातून, किंवा तुरुंगाच्या शेजारून, बराकीत, शाळेत, दवाखान्यात आणि कारखान्यात दिसते.

या रीतीचा नमुना म्हणून तो बेंथम या इंग्रज विचारवंताची एक योजना घेतो. १७९१ साली छापलेल्या या योजनेत वर्तुळाकार तुरुंग आहे आणि मध्ये एक मनोरा. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला प्रत्येक कोठडी दिसते, पण कैद्याला पहारेकरी दिसत नाही. तो आत आहे की नाही हेही कैद्याला कळत नाही. म्हणून कैदी नेहमी कोणी पाहतच आहे असे धरून वागतो. अखेरीस पहारेकऱ्याची गरज उरत नाही. कैदी स्वतःवरच पहारा ठेवतो.

विद्यार्थी येथे अडखळतात आणि त्याचे कारण मला आपल्या भाषेतच सापडले. इंग्रजीतल्या 'पॉवर'ला आपण 'सत्ता' म्हणतो. सत्ता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खुर्ची येते, सरकार येते, मंत्री येतो. फूकोला अभिप्रेत असलेली गोष्ट खुर्चीत बसत नाही. तिच्यासाठी आपल्या बोलण्यात एक चांगला शब्द आहे, वचक. वचक बसण्यासाठी माणूस समोर असावा लागत नाही. पाटील परगावी गेलेला असला तरी चावडीपुढून जाताना आपल्या आजोबांच्या पायातली वहाण हातात येत होती, तो वचक. मनोऱ्याचे सारे तत्त्वज्ञान या शब्दात आहे. वर्गात हा शब्द वापरला की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

आता सोलापूरकडे येऊ. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेत लागू झाला. १९११ च्या सुधारणेनंतर त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह साऱ्या देशभर झाली आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्र मांडला गेला. एखादी जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, तिच्यातल्या माणसांची नावे रजिस्टरात चढवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय गाव सोडू द्यायचे नाही, हवे तर सेटलमेंटमध्ये आणून ठेवायचे आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून संस्थेत घालायचे, असे सारे अधिकार त्या कायद्याने सरकारला दिले. सोलापूरची सेटलमेंट मुंबई इलाख्यातल्या मोठ्या सेटलमेंटांपैकी होती. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. बाहेर जायचे तर पास, परत आले की हजेरी. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या शहरात गिरण्यांचे युग आले होते आणि गिरण्यांना हात हवे होते. कुंपणातली माणसे गिरणीत कामाला जात आणि कुंपणात परत येत. वागणूक चांगली दिसली की कुटुंबाला तारेबाहेरच्या वस्तीत हलवत. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव या शहरात अजून आहे. 'फ्री' या शब्दाचा अर्थ तिथून जाणारा रिक्षावाला आता सांगू शकणार नाही. पण ज्या कॉलनीला मोकळी म्हणून सांगावे लागते, तिच्या शेजारी काय होते हे त्या नावातच लिहिलेले आहे.

फूकोच्या ग्रंथात शेवटी मेत्रे नावाच्या गावाचे वर्णन येते. फ्रान्समध्ये १८४० साली तेथे बालगुन्हेगारांची शेतकी वसाहत सुरू झाली. मुलांचे छोटे गट, प्रत्येक गटावर प्रमुख, काम, शाळा, प्रार्थना, कवायत, वागणुकीची नोंद आणि त्यावरून बढती किंवा शिक्षा. तुरुंग, शाळा, कारखाना, बराक आणि कुटुंब या पाचांची रीत एका जागी. फूकोच्या मते तुरुंगी व्यवस्था येथे पूर्णत्वाला पोहोचली. ते प्रकरण वाचताना मला प्रत्येक ओळीत सोलापूर दिसत होते. सुधारणेच्या नावाने कोंडणे आणि कोंडण्याला दया म्हणणे, हे दोन्हीकडे एकच.

याहून महत्त्वाचा त्याचा दुसरा मुद्दा आहे. गुन्हा ही एक कृती असते. ती घडते आणि संपते. तुरुंग मात्र त्या कृतीमागे एक 'गुन्हेगार' उभा करतो. त्याचे बालपण, त्याचे घर, त्याचा स्वभाव यांची फाईल तयार होते. माणूस सुटला तरी फाईल सुटत नाही. तिच्यामुळे त्याला काम मिळत नाही, पोलीस पाठ सोडत नाहीत आणि तो परत तुरुंगात येतो. तेव्हा तुरुंग गुन्हेगारी संपवण्यात अपयशी ठरला असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. गुन्हेगार नावाचा एक वर्ग तयार करणे हेच त्याने पार पाडलेले काम आहे. माझ्या विद्यार्थ्याने पिशवी का उघडली याचे उत्तर मला येथे मिळाले. तार ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने गेली. त्याच्या आजोबांची हजेरी त्याच्या अंगात राहिली. आपल्या भाषेत 'हजेरी घेणे' याचे दोन अर्थ आहेत, उपस्थिती नोंदवणे आणि खरडपट्टी काढणे. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले हे मला ठाऊक नाही. पण रोज सकाळी मी वर्गात जे करतो त्याचेही नाव हजेरीच आहे, हे आता मला विसरता येत नाही.

येथवर फूको आपल्याला उपयोगी पडतो. पण आपण त्याचे भक्त व्हायचे नाही. जो विचार आपल्या वस्तीत आणून तपासला नाही, तो आपला होत नाही. तपासल्यावर त्यात तीन उणिवा दिसतात.

पहिली उणीव अशी की या ग्रंथात वसाहतींचा जवळजवळ विचारच नाही. १९६६ ते १९६८ या काळात फूको ट्युनिशियात शिकवत होता. तो देश दहा वर्षांपूर्वीपर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होता. तरी शिस्तीचा इतिहास लिहिताना त्याने युरोपाबाहेर पाऊल टाकले नाही. नोंदी आणि ओळख पटवणे हा त्या इतिहासाचा गाभा आहे. बोटांच्या ठशांचा सरकारी कामात वापर विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमध्ये सुरू केला आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. ही कला आधी आपल्या बोटांवर घडली आणि नंतर तिकडे गेली. युरोपाचा इतिहास युरोपातच लिहिला गेला असे धरले, की असे होते.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. फूकोची शिस्त माणसाला एकेकटे करते. प्रत्येकाला वेगळी कोठडी, वेगळी फाईल. तेथे माणूस आधी काहीतरी करतो आणि मग गुन्हेगार ठरवला जातो. सोलापूरच्या कुंपणात जन्मलेल्या मुलाने काय केले होते? तो जन्मला होता. १८७१ च्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा मांडलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे. या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा गुन्हाही काहींचा जातिधंदा असतो, असा तो युक्तिवाद होता. इंग्रजांनी हे तर्कशास्त्र लंडनहून आणलेले नव्हते. ते त्यांना येथे तयार मिळाले. त्यांनी रजिस्टर आणले, पण रजिस्टरात काय लिहायचे ते मनूने आधीच लिहून ठेवले होते. फूकोला गुन्हेगार कसा घडवला जातो ते कळले. गुन्हेगार जन्माला घालता येतो हे त्याच्या कल्पनेतही नव्हते.

तिसरी उणीव त्याच्या दोन चित्रांविषयी आहे. तो म्हणतो, चौकातला छळ गेला आणि वेळापत्रक आले. आपल्या देशात एक गेले नाही आणि दुसरे आले. दलिताला गावाच्या चौकात मारणारेही आहेत आणि त्याची फाईल ठेवणारेही आहेत. आपले तुरुंगसुद्धा याची साक्ष देतात. वेळापत्रक, पहारा, नोंदी हे सारे तेथे आधुनिक. पण अनेक राज्यांच्या तुरुंगनियमांत स्वयंपाक कोणत्या जातीने करायचा आणि सफाई कोणी करायची हे लिहिलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. बेंथमच्या मनोऱ्याखाली येथे चातुर्वर्ण्याचा पाया होता. मनोरा पाहणाऱ्याला पाया दिसला नाही.

हा पाया बाबासाहेबांनी पाहिला होता. १९४८ साली अस्पृश्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिन्ही वर्गांना एकत्र ठेवले आणि कोट्यवधी माणसांची ही अवस्था करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला. इंग्रजी कायद्याचे पाप त्यांनी झाकले नाही. पण मूळ कोठे आहे हेही सांगितले. आणि १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणात त्यांनी जे उदाहरण घेतले ते सोलापूरच्या माणसाला विसरता येणार नाही. भिंत किंवा काटेरी तार पाडावी तशी जात पाडता येत नाही, कारण तिचे ठाणे माणसाच्या मनात आहे, असा तो मुद्दा आहे. ते लिहिले गेले तेव्हा सोलापुरात खरी तार उभी होती. सोळा वर्षांनी ती गेली. माझ्या वर्गातल्या नजरेने सिद्ध केले की बाबासाहेबांचे म्हणणे खरे होते. फूको त्या नजरेचे तंत्र सांगतो. ती नजर कोणत्या शास्त्राने पवित्र केली आणि म्हणून कोठे घाव घालायचा, हे बाबासाहेब सांगतात. सत्ता सगळीकडे पसरली आहे एवढेच म्हटले, तर कार्यकर्ता मोर्चा कोठे नेणार? १९१८ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी यांच्यावरची हजेरी बंद केली, तेव्हा त्यांनी वचकाच्या एका नेमक्या जागेवर बोट ठेवले होते. अशा जागा शोधणे हे आपले काम आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. फूको म्हणतो की एके काळी राजे आणि वीर यांचीच चरित्रे लिहिली जात. शिस्तीच्या युगात सामान्य माणसाचेही चरित्र लिहिले जाऊ लागले, पण फाईलमध्ये, त्याच्यावर ताबा ठेवण्यासाठी. हे वाचल्यावर लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) पुन्हा वाचावे. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्याविषयी केवळ पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी लिहिले होते, त्यांनी येथे स्वतः लेखणी घेतली. फाईल लिहिणाऱ्याच्या हातून फाईल काढून घेण्याची ही कृती आहे. आपल्या मध्यमवर्गीय समीक्षकांनी या पुस्तकांना 'दाहक' आणि 'प्रांजळ' ही दोन विशेषणे लावली आणि काम संपले असे मानले. प्रांजळ कोण असतो? कबुलीजबाब देणारा. १९७६ च्या ग्रंथात फूकोने दाखवले आहे की कबुली देववणे हीसुद्धा सत्तेचीच एक रीत आहे. दलित लेखकाकडे अजून दुःख सांग, अजून उघडा हो, अशी मागणी होते, तेव्हा वाचक मनोऱ्यात बसलेला असतो. या पुस्तकांत कबुली नाही, फिर्याद आहे. समीक्षेने ती दाखल करून घेतलेली नाही.

फूकोच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७१ साली त्याने काही सहकाऱ्यांबरोबर तुरुंगांविषयी माहिती गोळा करणारा गट स्थापन केला. कैद्यांच्या वतीने बोलायचे नाही, त्यांचे म्हणणे बाहेर येईल अशी सोय करायची, ही त्याची पद्धत होती. आपल्या विद्वानांनी त्याची वाक्ये उचलली; ही पद्धत उचलली नाही.

१९५२ नंतर काम संपले नाही. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुना संशय नव्या नावाने उरला. जमातींच्या याद्या झाल्या, त्यांतही रेषा आडव्या आल्या. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत घातले गेले आणि सोलापुरात विमुक्त जातीत. माणूस तोच, रकाना वेगळा. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. तो वाचलेले पदवीधर मला फार थोडे भेटले.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. फूकोला घाबरू नका आणि त्याच्या नावाने कोणाला घाबरवूही नका. त्याचे पुस्तक घेऊन सेटलमेंटमध्ये जा. तारेविषयी आपल्या आईबापांकडून ऐकलेली म्हातारी माणसे अजून तेथे आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. माझा तो विद्यार्थी आता पदव्युत्तर वर्गात आहे. तेथे प्रवेश घेताना त्याने पत्त्याच्या रकान्यात नातेवाइकाचा, दुसऱ्या पेठेतला पत्ता लिहिला. मी कारण विचारले नाही. मला ते ठाऊक होते, आणि त्या कारणात माझाही हात होता.